वाघाईच्या माळावरची सतरावी खूण

आधी जे घडलं ते, क्रमाने.

१. ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही पाच जण आणि एक स्थानिक वाटाड्या बाई वाघाईच्या डोंगराकडे निघालो. वेळ सकाळी ६.४०.

२. पाऊस आदल्या तीन दिवसांपासून थांबला नव्हता.

३. वर धुकं असेल तर आपण देवळाच्या पुढे येणार नाही, हे वाटाड्या बाईंनी दोनदा सांगितलं. एकदा गावात, एकदा देवळापाशी. दोन्ही वेळा आम्ही पाचही जण ऐकत होतो.

४. १०.५५ ला आम्ही त्यांच्याशिवाय पुढे गेलो.

५. ११.५० ला पल्लवी पश्चिमेच्या कड्यावरून पडली. साधारण तीन मीटर. उजवा घोटा मोडला.

६. ती पडली ती जागा शिखराच्या वाटेवर नाही. वाटेपासून ४०० मीटर बाजूला आहे.

७. शिखरावर कोणीही पोहोचलं नाही.

८. पल्लवीला खाली आणण्याची वाट वाटाड्या बाईंनी दाखवली. झोळीही त्यांनीच बांधली.

९. संध्याकाळी ५.२० ला आम्ही गावात परत आलो.

१०. नऊ दिवसांनी ट्रेकिंग ग्रुपच्या पानावर या मोहिमेचा लेख आला. त्यात वरचे मुद्दे ३, ६, ७ आणि ८ नाहीत.

आता प्रवास. माझे लेख वाचून सुट्टीच्या दिवशी सॅक भरणारे काही वाचक आहेत, त्यामुळे रस्ता, खाणं, खर्च नेहमीसारखं लिहिते. पण वाघाईला जायचा विचार असेल तर आधी शेवटपर्यंत वाचा.

मी हिंगोलीची. सर्वेक्षणाचं काम करते. रस्ता किंवा कालवा व्हायच्या आधी जमिनीचे चढउतार मोजायचे आणि नकाशा काढायचा, हे माझं रोजचं काम. अभिजित नांदेडला राहतो आणि शनिवार-रविवारी ट्रेक नेणारा एक ग्रुप चालवतो. मे महिन्यात त्याचा फोन आला. "सह्याद्रीत सगळेच जातात. आपल्या भागात काय आहे ते लोकांना दाखवू. वाट तू पक्की करून दे." मला ते पटलं. "तुमच्याकडे डोंगर असतात?" हा प्रश्न पुण्यात चार वर्षं शिकताना मी इतक्या वेळा ऐकला होता की उत्तर द्यायचं सोडून दिलं होतं.

डोंगराची उंची सांगून कोणी दचकणार नाही. तो उंच नाही, लांब आहे. पायथ्याच्या गावातून शेतांमधून चार किलोमीटर, मग दीड किलोमीटर चढ. चढ संपतो तिथे खिंडीत वाघाईचं देऊळ आहे, चार दगडी खांब आणि वर पत्रा. देवळापासून शिखरापर्यंत अडीच किलोमीटरचा माळ. जाऊन-येऊन सोळा किलोमीटर. अडचण आहे ती माळावर. तिथे झाड नाही, बांध नाही, पायवाट उमटत नाही. गवत आणि काळा खडक, चारी दिशांना सारखाच.

म्हणून मे महिन्यात अभिजित आणि मी माळावर चौदा खुणा रचल्या. तीन चपटे दगड, एकावर एक, गुडघ्याएवढे. दोन खुणांमधलं अंतर सरासरी एकशे ऐंशी मीटर. चौदावी शिखरावर. प्रत्येकीचे अक्षांश-रेखांश मी नोंदवले. सह्याद्रीत कुठेही जा, अशाच खुणा दिसतात.

त्या दिवशी वाट दाखवायला चंद्रभागा मावशी होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अकरा शेळ्यांच्या मालकीण, रोज त्या डोंगरावर जाणाऱ्या. मी दगड उचलत होते आणि त्या बसून बघत होत्या.

"घर बांधून राहिलीस का बाई?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं थट्टा आहे. "नाही मावशी, खूण आहे. वाट चुकू नये म्हणून."

"खूण व्हय," त्या म्हणाल्या, आणि शेळीला हाक मारायला उठल्या.

आता ऑगस्टचा रविवार. हिंगोलीहून औंढ्याकडे जाणाऱ्या पहिल्या एसटीत मी आणि पल्लवी. पल्लवी माझी शाळेपासूनची मैत्रीण, बँकेत काम करते. तिचा हा पहिलाच ट्रेक. ती आली कारण मी तिला म्हणाले होते, सोपं आहे, वाट मी स्वतः आखली आहे. तिकीट माणशी पन्नासच्या आत. श्रावण असल्यामुळे गाडीत औंढ्याच्या देवळाला जाणारे बरेच होते. फाट्यावर उतरायचं सांगितल्यावर कंडक्टरने आमच्या सॅककडे पाहिलं.

"डोंगरावर? आज?"

"हो."

"काहून?"

मागच्या सीटवरच्या बाई आमच्या वतीने म्हणाल्या, "नवस असंल लेकरांचा."

"नवसाला असले बूट घालून जातेत व्हय, आजी?" कंडक्टर म्हणाला आणि बेल ओढली.

फाट्यावर एकच हॉटेल आहे. पत्र्याखाली उभं राहून प्लेटभर सुशीला आणि चहा घेतला, दोघींचे सत्तर रुपये. मुरमुरे बरोबर भिजलेले होते, दाणे भरपूर. अभिजितची जीप तिथेच आली. त्याच्याबरोबर डोंगरकडा गावचे दोघे भाऊ होते, शेतीच्या औषधांचं दुकान असलेले. थोरला अबोल, धाकटा मोबाइल हातातून न सोडणारा. दोघे अंगाने मजबूत, हे पुढे उपयोगी पडलं.

फाट्यापासून गावापर्यंत जीप जाते, पण पावसाळ्यात डांबर संपतं तिथेच ठेवावी. शेवटचा एक किलोमीटर काळ्या मातीचा गारा आहे. वीस पावलांत बुटाखाली दुसरा बूट तयार होतो. काठीने खरवडत चालावं लागतं. दोन्ही बाजूंना हळद, कमरेपर्यंत आलेली, पानांवर पाणी इतकं की शेजारून गेलं तरी पँट भिजते.

मावशींनी पहाटे उठून भाकरी केल्या होत्या. ज्वारीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. माणशी शंभर रुपये, आणि तिसरी भाकरी नको म्हटलं तरी ती ताटात पडतेच. अर्ध्या भाकरी त्यांनी दुपारसाठी फडक्यात बांधून दिल्या. मग दारात उभ्या राहून डोंगराकडे पाहिलं. डोंगर नव्हता. हळदीच्या वर सगळं पांढरं होतं.

"आज वर जाऊ नका," त्या म्हणाल्या. "जायचंच तं देवळापस्तोर चला. भाकर खाऊ, माघारी येऊ."

"मावशी, टीम लांबून आली आहे," अभिजित म्हणाला.

"डोंगर काय कुठं चाल्ला का?"

"आपल्याकडे मशीन आहे मावशी. बरोबर वाट दाखवतं."

"धुईत दिसतंय का मशीनला?"

"सगळं दिसतं."

"बरं हाये मग. मला न्हाई दिसत. धुई असली तं मी देवळापुढं यायची न्हाई, आत्ताच सांगून राहिले."

धाकट्या भावाने विचारलं, "मावशी, वर वाघ हाये का?"

"वाघ असता तं बरं झालं असतं बाबा. त्यो दिसला तरी असता."

सगळे हसले. मीही. निघालो तेव्हा ६.४० झाले होते.

शेतांमधले चार किलोमीटर दोन तासांत व्हायचे ते पावणेतीन तास लागले. दोन ओढे ओलांडले, एक घोट्यापर्यंत, एक मांडीपर्यंत. दुसऱ्यात मावशी आधी उतरल्या, काठीने तळ चाचपला आणि एकेकाचा दंड धरून आम्हाला पलीकडे नेलं. पल्लवीला त्या म्हणाल्या, "खाली पाहू नको. पाणी पाहिलं की डोकं फिरतंय. मह्या पाठीकडं पाह्य." पल्लवीने तसं केलं. पलीकडे गेल्यावर ती मला म्हणाली, "तुझ्यापेक्षा या बऱ्या शिकवतात."

चढ घसरडा आहे पण धोक्याचा नाही. १०.३० ला देवळाच्या पत्र्याखाली होतो. पत्र्यावर पावसाचा आवाज इतका होता की जवळ जाऊन बोलावं लागत होतं. देवळाच्या मागे माळ सुरू होतो हे मला माहीत होतं, एवढंच. दिसत काहीच नव्हतं. मी पावलं टाकून मोजलं. नऊ पावलांवर देवळाचा झेंडा दिसेनासा झाला.

मावशी खांबाला टेकून बसल्या. "मी हितं थांबते. तुमी बी थांबा."

थोरला भाऊ म्हणाला, "मावशी बराबर सांगून राहिल्या. माघारी जाऊ."

"एवढं आलो," धाकटा म्हणाला, "फोटो तं काढू वर."

अभिजित माझ्याकडे वळला. "माळावर तुझ्या खुणा आहेत ना?"

"आहेत."

"मग?"

चौघेही माझ्याकडे पाहत होते. त्या वेळी मी "नको" म्हणाले असते तर कोणी गेलं नसतं. हे मी नंतर अनेकदा तपासून पाहिलं आहे आणि दर वेळी उत्तर तेच येतं. मी म्हणाले, "खुणा आहेत. जाता येईल."

फोनमध्ये मे महिन्याची नोंदवलेली वाट होती. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी सॅकमध्ये. ओल्या पडद्याला बोट कळत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी रेनकोट डोक्यावर ओढून, पडदा पुसून बघायला दोन-तीन मिनिटं जात होती. तिसऱ्या खुणेपाशी मी बघितलं. आम्ही बरोबर वाटेवर होतो. त्यानंतर मी फोन काढला नाही. खुणा दिसत होत्या आणि त्या माझ्या होत्या.

अभिजित पुढे होता. खूण दिसली की आकडा ओरडायचा. "चार!" मग बराच वेळ वारा, धुकं मधेच विरळ होईपर्यंत. "पाच!" सहा, सात आणि आठ पटापट आल्या. नवव्या खुणेनंतर अंतरं कमी होत गेली. एकशे ऐंशी मीटर म्हणजे माझी अडीचशे पावलं. दहावी नव्वद पावलांवर आली. अकरावी साठ. माझ्या ते लक्षात आलं. धुक्यात पावलांचा अंदाज चुकतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. मोजमाप हेच ज्याचं काम आहे त्या माणसाने मोजमापावर शंका घेतली आणि दगडांवर विश्वास ठेवला.

"चौदा!" अभिजित ओरडला. "झालं! शिखर!"

त्याने ग्रुपचा झेंडा काढला, धाकट्या भावाने फोटो काढला. फोटोत आम्ही चौघे आहोत आणि मागे पांढरं आहे. ते शिखर नव्हतं. शिखरावर जुना सर्वेक्षणाचा घडीव दगड आहे, तो तिथे नव्हता. मी तसं म्हणाले.

"तू मेमध्ये मोजताना चुकली असशील," अभिजित म्हणाला. "ते बघ, पुढे अजून एक आहे. खरं टोक तेच."

पंधरावी. सोळावी.

सतरावी खूण तीन दगडांची नव्हती, पाच दगडांची होती. चार दगडांच्या भिंती आणि वर एक चपटा दगड छपरासारखा. छपरावर पावसाने धुऊन निघालेला हळदीचा पिवळा डाग. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते आणि मला सगळं दिसलं होतं. मी चौदा खुणा रचल्या होत्या आणि समोर सतरावी होती. या वाक्यात पुढे विचार करण्यासारखं काहीच नाही. तरी मी थांबा म्हणाले नाही. ते म्हणायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, एक सेकंदही नाही.

पल्लवी माझ्या पुढे गेली. तिचा आवाज आला, "इथे तर खूप आहेत गं."

मग दगड घसरल्याचा आवाज आला. ओरडण्याचा नाही. ओरडणं नंतर आलं.

ती कड्याच्या खालच्या पायरीवर पडली होती. पायरी दोन मीटर रुंद. त्याच्या पलीकडे काय आहे हे धुक्यामुळे दिसत नव्हतं आणि तेच बरं होतं. थोरला भाऊ आणि मी उतरलो. तिचा पाय चुकीच्या दिशेला वळला होता. ती शुद्धीवर होती. मला म्हणाली, "मी काही चुकीचं केलं का?"

मी शिट्टी वाजवली. तीनदा, थांबून परत तीनदा. फोनला रेंज नव्हती. अभिजित वर येरझाऱ्या घालत, असं व्हायला नको होतं, असं व्हायला नको होतं, म्हणत होता.

सदतीस मिनिटांनी धुक्यातून चंद्रभागा मावशी आल्या. डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, खांद्यावर घोंगडी, हातात देवळाच्या झेंड्याचा बांबू. झेंडा काढून ठेवला होता.

"शिट्टी आली तवाच समजलं," त्या म्हणाल्या. "कोणीतरी आता चालणार न्हाई." मग आजूबाजूला पाहिलं. "पर हितं काहून आलात? हे तं भलतीकडं हाये."

"खुणा होत्या मावशी," मी म्हणाले.

"कशाच्या खुणा? ही घरं हायेत."

आखाडात वाघाईला नैवेद्य घेऊन आजूबाजूच्या गावांतले लोक येतात. ज्यांना स्वतःचं घर हवं असतं ते माळावर तीन किंवा पाच, मिळतील तेवढे दगड रचून छोटं घर करतात आणि देवीला सांगतात, असं एक आम्हाला दे. ते कड्याजवळ रचतात, कारण कड्यावरून खाली गावं दिसतात. मावशींच्या शब्दांत, "आपली जागा दिसंल तिथं उभं ऱ्हाऊन मागावं लागतंय." मे आणि ऑगस्टच्या मध्ये आखाड येऊन गेला होता. माझ्या आठव्या खुणेपासून पुढे आम्ही लोकांच्या घरांमागून चालत होतो.

मावशी घोंगडीला गाठी मारत होत्या. खाली बघतच म्हणाल्या, "तुमी दगडं पाहून चाललात? मला वाटलं, मशीन पाहून."

मी घोंगडीचं दुसरं टोक धरलं.

घोंगडीची झोळी बांबूला बांधली. दोघे पुढेमागे, बाकीचे बदलीला. मावशींनी आम्हाला माळावर परत नेलंच नाही. कड्याच्या कुशीतून शेळ्यांची वाट आहे, ती थेट दुसऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला उतरते. पाच तासांत पल्लवी तीन वेळा रडली. दर वेळी मावशी म्हणायच्या, "रड माय, रड. आवाज आला म्हंजे बरी हायेस." गावातून ट्रॅक्टरने डांबरापर्यंत, तिथून ॲम्ब्युलन्सने हिंगोली. घोट्यात दोन स्क्रू आहेत. प्लॅस्टर अजून निघायचं आहे.

प्रवासाचा भाग इथे संपतो.

नऊ दिवसांनी ग्रुपच्या पानावर लेख आला. फोटो चौदाव्या "खुणे"पाशी काढलेला. मजकूर असा: "प्रतिकूल हवामानात टीमने वाघाई शिखर सर केलं. स्थानिक वाटाड्याने ऐन वेळी साथ सोडली. परतताना एका सदस्येच्या निष्काळजीपणामुळे किरकोळ दुखापत झाली." खाली वाटेची फाइल, कोणालाही उतरवून घेता येईल अशी. नाव माझं, शेजारी "अचूक मार्ग" असं लिहिलेलं. मी ती उघडून पाहिली. ती माझी मे महिन्याची वाट नाही. अभिजितच्या घड्याळाने त्या रविवारी आपोआप नोंदवलेली आहे. ती आठव्या खुणेनंतर पश्चिमेला वळते आणि पल्लवी पडली त्या कड्यावर संपते. शेवटच्या बिंदूला नाव दिलंय, "शिखर".

येत्या रविवारी ग्रुपची दुसरी तुकडी जाते आहे. बावीस जण, मावशींशिवाय.

मी अभिजितला तीनदा फोन केला. पहिल्यांदा तो म्हणाला बघतो. दुसऱ्यांदा म्हणाला, "अगं, लोक एवढं बारकाईने वाचत नाहीत." मी मावशींबद्दल विचारलं. "त्या काय वाचणार आहेत का ते?" तिसऱ्यांदा त्याने उचलला नाही.

मावशींना वाचता येत नाही, हे खरं. पण गावात गिरणी आहे आणि गिरणीवर मोबाइल असलेले लोक आहेत. गेल्या शनिवारी पाऊस उघडला म्हणून मी एकटी गेले. मावशी दळण घेऊन येत होत्या, मागून कोणीतरी म्हणालं, "काय चंद्रभागाबाई, पाहुणे सोडून पळाल्या म्हणं?" त्या वळल्या नाहीत. घरी येऊन पिठाचा डबा ठेवला आणि मग माझ्याशी बोलल्या.

"मह्या नावानं काहून ल्हेलं त्यानं? मी सांगितलं व्हतं का न्हाई?"

"दोनदा सांगितलं होतं."

"औंढ्याच्या पोरांचा फोन आला व्हता. दर साली मला नेतेत वर. म्हणले, मावशी, औंदा दुसरं कोणी पाहतो." पदराने हात पुसले. "तू तं तिथंच व्हतीस. त्यानं ल्हेलं. तू काहून न्हाई ल्हेलं?"

माझ्याकडे कारणं होती. पल्लवीचं ऑपरेशन, ऑफिसचं काम, प्रकरण वाढू नये. मी त्यातलं एकही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं.

मी माळावर गेले होते ते माझ्या चौदा खुणा पाडायला. अक्षांश-रेखांशांची यादी बरोबर होती. मावशी मागे मागे आल्या. ऊन होतं, माळ स्वच्छ दिसत होता, आणि इथे वाट कशी चुकली असेल हा प्रश्न कोणालाही पडला असता. यादीप्रमाणे चौदा जागा सापडल्या. नऊ खुणा जशाच्या तशा होत्या, त्या पाडल्या. पाच जागी माझ्या तीन दगडांना लोकांनी भिंती जोडल्या होत्या, छप्पर घातलं होतं. त्यांतल्या दोन खुणांवर कुंकू. मी एकीवर हात ठेवला तेव्हा मावशी म्हणाल्या, "ती ऱ्हाऊ दे. तिच्यावर कोणीतरी मागितलंय आता."

मी ती पाचही तशीच ठेवली.

चौदाव्या जागेसाठी आम्ही शिखरावर गेलो होतो. शेवटच्या टप्प्याला चाळीस मिनिटं लागली. वर गवत आहे आणि एक कोपरा उडालेला घडीव दगड. त्यावर बसून आम्ही भाकरी खाल्ली. "ह्या दगडासाठीच व्हतं सगळं," मावशी म्हणाल्या. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

घरी आल्यावर आईला कड्याबद्दल सांगितलं. आमच्या घरात देव नाहीत, भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. आई नर्स होती. ती म्हणाली, "मीही रचलं होतं तिथे. आपण भाड्याच्या खोलीत होतो तेव्हा. दवाखान्यातल्या बायकांबरोबर गेले होते. बाबांना सांगू नको म्हणून तुला बजावलं होतं."

"मी होते?"

"दगड तूच देत होतीस हातात. आठ वर्षांची होतीस."

"तिथून हिंगोली दिसत नाही," मी म्हणाले.

"नाही दिसत. हिंगोलीला जाणारा रस्ता दिसत होता. तेवढ्यावर मागितलं."

मला ते आठवलं नाही. अजूनही आठवत नाही. जे मला आठ वर्षांची असताना माहीत होतं ते मी कुठल्यातरी शिबिरात शिकलेल्या खुणांखाली बुजवून टाकलं, आणि त्या विस्मरणाचे दोन स्क्रू पल्लवीच्या पायात आहेत. हा माझा वाटा. तो मी इथे लिहिला आहे आणि कुठेही परत लिहून देईन. मावशींच्या वाट्याला यातलं काहीही येत नाही. पल्लवीच्याही नाही.

वाचकांसाठी: ती फाइल उतरवून घेतली असेल तर पुसून टाका. माळावर दगडांवर विसंबू नका. मावशींना घेतल्याशिवाय जाऊ नका, आणि त्या नाही म्हणाल्या तर ते नाहीच समजा.

अभिजित, तू हा लेख वाचशील हे मला माहीत आहे. तीन गोष्टी हव्यात. ती फाइल आणि तिच्यावरचं माझं नाव काढ. मावशींबद्दलचं आणि पल्लवीबद्दलचं वाक्य काढून खरं काय झालं ते त्याच पानावर लिही, म्हणजे गिरणीवरही वाचलं जाईल. आणि शिखर झालं नाही, असं लिही.

रविवारी बावीस जण जाणार आहेत. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजेपर्यंत मला लेखी उत्तर दे.